आबा हसल्याचा पुरावा

जळगावात थंडी पडली हे आम्हाला थर्मामीटर सांगत नाही, वांगी सांगतात. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच बाजारात ती हिरवी-पांढुरकी, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी वांगी येऊन बसतात, आणि मग शहरातला शहाणासुरता माणूसही दुसरं काही बोलेनासा होतो. बँकेत जा, दवाखान्यात जा, मयतीला जा, प्रश्न एकच, "यंदा भरीत कुणाच्या मळ्यात?" संध्याकाळी आमच्या कॉलनीवर भाजल्या वांग्यांचा असा काही धूर चढतो की वरून जाणारं विमान तेवढ्यापुरतं जरा खाली येतं. मी स्वतः पाहिलंय. पायलटनं खिडकी उघडली होती की नाही, एवढं मात्र खात्रीनं सांगता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, भटूभाऊंनी पुडी सोडली. म्हणा. माझ्यावर विश्वास न ठेवण्याची आमच्याकडे जुनी परंपरा आहे, आणि ती मी स्वतः मोठ्या कष्टानं उभी केली आहे. पण दर हिवाळ्यात हा धूर नाकात गेला की मला त्या परंपरेचा पश्चात्ताप होतो.

कारण माझ्याकडे एक फोटो आहे. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यात आबा हसताहेत. तोंड उघडं, मान मागे, डोळे मिटलेले, असं पोटातून आलेलं हसू. हा फोटो खरा आहे. आयुष्यात मी जेवढ्या म्हणून गोष्टी सांगितल्या, त्यांत ही एकच अशी आहे की जिच्यात मी वरून मीठसुद्धा घातलेलं नाही. आणि नेमकी तीच कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

आबा दोंडाईचाच्या बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे माल तोलणारा माणूस. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, मधे तो लाकडी तिपाईला टांगलेला लोखंडी काटा आणि काट्यामागे आबा. मिरचीच्या दिवसांत सगळं बाजार-आवार लाल होऊन जायचं. माणसं शिंकून शिंकून हैराण, बैलसुद्धा शिंकायचे, आणि आबा त्या लाल धुरळ्यात देवळातल्या दगडासारखे उभे. शिंक नाही, हसू नाही, कपाळावर आठी नाही. कारण तोलताना शेतकरीही त्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि व्यापारीही. जरा ओठ हलला की शेतकऱ्याला वाटणार, शेठशी मिळालाय; शेठला वाटणार, शेतकऱ्याच्या गावचा आहे. आबा म्हणायचे, "काटा आनि मापाडीनं तोंड, दोन्ही हालाले नको."

हे तोंड ते बाजारातून घरी येताना काढून ठेवायला विसरायचे. आम्ही भावंडं परीक्षेत पास झालो तरी तेच तोंड, नापास झालो तरी तेच. माझ्या बहिणीच्या लग्नात जळगावच्या बँडवाल्यानं क्लॅरिनेट वाजवता वाजवता ओट्यावरून गटारीत उडी मारली, अख्खं वऱ्हाड लोळलं, नवरदेवाचा फेटा सुटला, आणि आबा फक्त म्हणाले, "त्याले बाहेर काढा." गावात म्हण पडली होती की आबा हसले तर तापी उलटी वाहील. माय, म्हणजे माझी आई, हे ऐकून पदराआड गप्प राहायची. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला मला साठी ओलांडावी लागली.

मी नोकरीला जळगावात, एका पाइप कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यात होतो. आधी पेन्सिल होती, मग पेन्सिल गेली आणि संगणक आला. संगणकावर पाइपांची चित्रं काढता काढता मला त्याचा असा नाद लागला की बायको, सुनंदा, म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी लागलं, पण नांदताय त्या पेटीशी." त्याच सुमारास सुरतेच्या मावसभावानं मला पहिला डिजिटल कॅमेरा दिला. साबणाच्या वडीएवढा. पेन्सिल सेल चार घातले की जरा वेळ चालायचा आणि ऐन वेळी शिटी वाजवून डोळा मिटायचा. त्याची आणखी एक खोड होती. बटण दाबलं की तो लगेच फोटो काढत नसे. जरा विचार करी. सरकारी कचेरीतल्या बाबूसारखा चष्मा लावी, घसा खाकरी, आणि मग एकदाचा 'टक' करी. तोवर समोरची चिमणी उडून, घरटं बांधून, अंडी घालून मोकळी झालेली असे.

पण रीळ धुवायला टाकायची कटकट नाही, पैसे नाहीत, काढला की पाठीवरच्या नखाएवढ्या पडद्यावर लगेच हजर, ही तेव्हा जादू होती. आणि खरी जादू पुढे संगणकात होती. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरची एक सीडी ड्रॉइंग खात्यात हातोहात फिरायची. इतकी फिरलेली की तिच्यावरून बोट फिरवलं तर सगळ्या खात्याच्या भाजीचा वास लागायचा. ती मी घरी आणली आणि माझं उरलंसुरलं चारित्र्य संपलं. ठसा उमटवायचं एक हत्यार त्यात होतं. इथला तुकडा उचलून तिथे लावायचा, सांधा दिसायचा नाही. मी एसटीच्या टपावर केळी खाणारा हत्ती बसवला. गोलाणी मार्केटच्या पायऱ्यांना तापीची होडी बांधली. शेजारच्या टकल्या जोशीकाकांना मी इतके दाट केस दिले की काकू तो फोटो बघून लाजल्या. आणि आमचे मेहुणे पोपटराव, त्यांच्या स्कूटरवर मागच्या सीटला मी एक बिबट्या बसवला, पाय एका बाजूला घेऊन, बाईमाणसासारखा. तो फोटो गावोगाव फिरून नरडाण्याहून मलाच परत आला, खाली लिहिलेलं, 'सावध राहा, आपल्या भागात आला आहे.' त्या आठवड्यात पोपटरावांना दूधवालासुद्धा लांबूनच दूध द्यायचा.

अशी माझी कीर्ती. आता त्या हिवाळ्याकडे येतो.

त्या वर्षी बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले. माल ठेवला की लाल आकडे आपोआप उमटतात. तोंडाकडे बघायची कुणालाच गरज नाही. आबांनी सगळं एकदा नीट पाहिलं, काट्याच्या दांडीवरून हात फिरवला आणि घरी आले. कुणी काढलं नाही, यांनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत, एवढंच. ओट्यावर बसून राहायचे. तोंड तेच. पण आता समोर ना शेतकरी ना व्यापारी. बिनकामाचं तोंड किती थकलेलं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं.

मिश्रीलाल शेठ म्हणून दोंडाईचाचे जुने धान्यव्यापारी होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठ मात्र अर्धं मराठी, अर्धं अहिराणी, आणि हिशेब चुकला की मारवाडी बोलायचे. उभा जन्म त्यांनी आबांच्या काट्याखाली माल घेतलेला. बाजारात दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मापाडी व्यापाऱ्याशी गप्पा मारताना दिसला की संपलंच. शेठांनी तो जुना काटा भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घेतला आणि गावाबाहेरच्या आपल्या मळ्यात कडुनिंबाला टांगला. आणि मला निरोप धाडला, "रविवारी भरीत आहे. आबांना घेऊन ये. त्यांचा काटा माझ्याकडे आलाय म्हणावं."

भरिताची मजा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, ते घरात होत नाही. घरात होतं ते वांग्याचं सांत्वन. खरं भरीत मळ्यात होतं आणि ते पुरुष करतात. आमच्याकडची ती रीतच आहे. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग रचायचा, त्यात वांगी टाकायची, पेटवायचं. साल काळीठिक्कर होऊन सुटली की गरम गरम सोलायची, हिरव्या मिरच्या न् लसूण घालून लाकडी बडगीत मुसळानं ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाण्यांची फोडणी. बायका त्या दिवशी घरी असतात. त्यांच्या वाट्याला संध्याकाळी डब्यातून गार झालेलं भरीत येतं आणि 'काय मज्जा आली म्हणून सांगू' हे वाक्य येतं. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मळ्यात आम्ही चौघंच. शेठ, आबा, मी, आणि शेठांचा सालदार गडी उखा, जो जाळाशी बसून डोळे चोळत वांगी उलथत होता. बाकीची वांगी दोन पोत्यांत. आबा आल्या आल्या काट्यापाशी गेले. दांडीला तेल दिलेलं पाहिलं. मग जागचे हलले नाहीत.

शेठांचं पोट म्हणजे तालुक्याचा अभिमान होता. ते खुर्चीत बसले की पोट वेगळ्या खुर्चीत बसायचं. उखानं जाळातूनच टोमणा मारला, "शेठ, तुम्हनापेक्षा ह्या दोन पोता हालका व्हतीन."

"हट! मी हलका आहे," शेठ म्हणाले. "लाव पैज. हरेल त्यानं आजचं भरीत ठेचायचं."

शेठांनी जन्मात मुसळाला हात लावलेला नव्हता. एका पारड्यात उखानं दोन पोती चढवली, दुसऱ्यात शेठ मांडी घालून बसले, झाडाच्या फांदीनं 'कर्र' करून निषेध नोंदवला, आणि आबा सवयीनं दांडीमागे जाऊन उभे राहिले. तेच दगडाचं तोंड. पारडी वर-खाली झाली, डुलली, आणि हळूहळू थांबत आली. शेठांची बाजू खाली होती. फार नाही. बोटभर.

"आबा," शेठ पारड्यातून काकुळतीला आले, "सारी जिंदगी तुम्ही माझ्या बाजूनं काटा कधी गव्हाच्या दाण्याएवढा झुकवला नाही. मी काही बोललो? आज तर बाजार नाही, काही नाही. मुसळ उचलवणार नाही हो मला!"

मी कॅमेरा उचलला होता तो शेठांची फजिती टिपायला. बटण दाबलं. आणि कॅमेरा नेहमीसारखा विचारात पडला.

तेवढ्या वेळात आबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, उजवा हात हळूच पुढे नेला आणि पोत्यांच्या पारड्यावर अंगठा दाबला. काटा सरळ झाला. आणि आबा हसले. आधी नाकातून काहीतरी निघालं, मग खांदे हलले, मग मान मागे गेली आणि एवढ्या वर्षांचं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. कडुनिंबावरचे कावळे उडाले. आता हे कावळे मी वाढवून सांगतोय असं वाटेल. नाही, खरंच उडाले, तीन-चार होते.

'टक.'

मी पुन्हा दाबलं. कॅमेऱ्यानं शिटी वाजवली आणि डोळा मिटला. सेल संपले.

म्हणजे तो फोटो मी काढलाच नाही. मी शेठांचा काढत होतो. यंत्राच्या आळसानं मला आबांचं हसू दिलं. आता खिशात फोन आहे. तो बटण दाबायच्या आधीचेही फोटो काढून ठेवतो, मिटलेले डोळे उघडून देतो, सगळ्यांना हसवतोसुद्धा. बरं आहे. पण त्या सुस्त साबणाच्या वडीनं जे दिलं ते या चपळ हुशारांकडून मला एकदाही मिळालेलं नाही.

सेल उन्हात तापवून, दाताखाली चावून (हा आमचा तेव्हाचा शास्त्रीय उपाय) मी तो पडदा क्षणभर जिवंत केला आणि आबांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले. मला वाटलं, हसू बघताहेत. ते बघत होते दुसरंच.

"हाऊ अंगठा कोनाना शे?"

"तुम्हनाच, आबा."

त्यांचं तोंड जागेवर आलं. दुकानाचं शटर येतं तसं, वरून खाली. "भटू, हाई कोनले दखाडू नको." मग ते बडगीपाशी गेले, मुसळ उचललं आणि दुपारभर एकट्यानं भरीत ठेचलं. शेठ मधे मधे पुढे येत होते, आबा हातानंच थांबवत होते. काट्याची दांडी झुकवणाऱ्या मापाड्याला शिक्षा म्हणून ते ठेचत होते, हे मला कळत होतं; पण आपल्या बापाला कसं सांगावं की आबा, ही पैज होती, पाप नव्हतं?

संध्याकाळी लुनावरून आम्ही दोंडाईचाच्या घरी आलो. डबा मायच्या हातात दिला. तिनं विचारलं, "कसं व्हतं भरीत?"

आबा म्हणाले, "मीठ कमी व्हतं."

त्या हिवाळ्यातलं एवढंच तिच्या वाट्याला आलं.

फोटो मी संगणकात टाकला, तिथून एका डिस्कवर, तिथून दुसऱ्या. डिजिटलवाल्यांचं हे असंच. जपून ठेवण्याच्या नादात आपण फोटो इतके खोल पुरतो की स्वतःलाही सापडू नयेत. छापला असता तर कपाटात कधी मायच्या हाती लागला असता. आबा असतानाच लागला असता. तिनं त्यांच्यापुढे धरला असता, ते रागावले असते, ती रागावली असती, आणि कोण जाणे, त्या भांडणात दोघं हसलेही असते. पण मी आज्ञाधारक निघालो. जन्मात एकदाच, आणि तेही चुकीच्या जागी. शेठ त्यानंतर दोन-एक वर्षांत गेले. आबा त्यांच्यामागून.

आबा गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. होता तो एकच, निवडणूक ओळखपत्रावरचा, त्यात आबा एखाद्या खटल्यात गोवल्यासारखे दिसत. फोटोवाल्यानं तो मोठा केला, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी घातली, आणि मानेखाली निळ्या कोटातलं दुसऱ्याच कुणाचं तरी धड जोडलं. आबांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. खांदे तर कुस्तीगिराचे होते. मागे काश्मीरचे डोंगर. दहाव्याला सगळं गाव त्यापुढे हात जोडून म्हणालं, "काय हुबेहूब आबा उतरले आहेत!"

तेव्हा माझ्यातलं काहीतरी उसळलं. मी माझा फोटो छापून आणला. अंगठा मात्र कापून टाकला; शेठ, पारडी, पोती, सगळंच कापलं. आबांचा शब्द होता. नुसता हसरा चेहरा, मागे कडुनिंबाचं ऊन. म्हटलं, हा लावू.

मग पोपटराव म्हणाले, "भटूभाऊ, सफाई आहे हं तुमच्या हातात. माझ्यामागचा बिबट्या सुद्धा असाच जिवंत वाटायचा."

हशा झाला. मी शपथा घेतल्या, तसा हशा वाढला. मी उखाला बोलावलं. साक्षीदार आता तोच उरला होता. उखानं फोटो जवळ धरला, लांब धरला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "धूर व्हता भाऊ. माले काही दखायनं नही." संगणकातल्या फोटोच्या पोटात काढल्याची तारीख असते म्हणून भाच्याला ती काढायला लावली, तर कॅमेऱ्याला मी कधी तारीख लावलीच नव्हती, कॅमेरा बाजारात यायच्याही आधीचं वर्ष निघालं. यंत्रसुद्धा माझ्यावरच गेलं होतं.

मायनं फोटो हातात घेतला. पदरानं पुसला. आणि पालथा घालून बाजूला ठेवला.

भिंतीवर कोटवाले आबा लागले. अजून आहेत.

मला वाटत राहिलं की तीही मला खोटा समजते. आणि खरं सांगतो, बाकी जगानं हसावं, त्याचं काही वाटलं नव्हतं, पण तिचं लागलं. तिनं पालथा घातला म्हणून. इतकी वर्षं मी त्यावर कुढत राहिलो. अलीकडे तर कुढायलाही कारण उरलेलं नाही, कारण आता कुणाच्याच फोटोवर कुणाचा विश्वास नाही. पोरं फोनला नुसतं तोंडानं सांगतात आणि तो हत्ती, होडी, बिबट्या, जे म्हणाल ते हजर करतो. सांधे जुळवण्यात मी रात्री जाळल्या, ते आता शेंबडं पोर करतं. सगळं जग माझ्यासारखं झालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

माय आता आमच्याकडे, जळगावातच असते. नजर अजून आहे, गुडघे गेलेत. यंदा भरिताचा धूर सुटला त्या दिवसांत मी जुन्या डिस्का चाळत बसलो होतो. बंद पडायच्या आत सगळं एका जागी आणावं म्हणून. तो कापलेला, हसरा फोटो पडद्यावर उघडा होता आणि माय मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. काठीचा आवाज आला तेव्हा बंद करायला गेलो.

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली.

ती खुर्चीत बसली. पडदा मोठा, आबा जवळजवळ खऱ्याएवढे. बराच वेळ बघत होती. दात, मिटलेले डोळे, मानेची ताणलेली शीर.

"भटू, खरं सांग. हाऊ फोटू तू बनाडा का?"

मी उडालोच. एवढ्या वर्षांनी कुणीतरी सरळ विचारत होतं. आणि माझ्याजवळ पुरावा होता! त्याच डिस्कवर, अगदी शेजारच्या चौकटीत, न कापलेला मूळ फोटो होता. शेठ पारड्यात, वांग्यांची पोती, काट्याची दांडी, आबांचा अंगठा, सगळं. माउसचं बोट त्यावर नेऊन ठेवलं. एकदा दाबलं की झालं. निदान माझी आई तरी म्हणाली असती की भटू एकदा खरं बोलला होता.

आणि मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याशीच बोलत असल्यासारखं म्हणाली, "हाऊ खरा व्हई, ते मंग मी जलमभर कोनासंगे संसार करा?"

माझं बोट थांबलं.

इतकी वर्षं मी समजत होतो की तिला फोटो खोटा वाटतो. तो खरा असेल, याची तिला भीती होती. खरा असेल तर आबांना हसता येत होतं. मळ्यात, शेठांसमोर, सालदारासमोर. आणि तिच्या चुलीसमोर एकदाही नाही. बाजारातलं तोंड ते घरी काढून ठेवायला विसरायचे हे आम्हाला गमतीचं वाटायचं. तिनं त्या तोंडाला दोन वेळा जेवू घातलं होतं. आणि मी, दोघांच्या मधे राहिलेला, हातात कॅमेरा असलेला शहाणा, आबांना एकदाही म्हणालो नाही की आबा, घरी कुणी काटा बघत नाही, हसा.

"बनाडा, माय," मी म्हटलं. "कम्प्युटरवर बनाडा."

तिचे खांदे जरा खाली आले, ओझं उतरल्यासारखे. की दुसरं चढल्यासारखे, मला सांगता येत नाही. मग पडद्याला हात लावून, आबांच्या गालाच्या जागी बोट ठेवून म्हणाली, "चांगला बनाडा."

आणि जरा थांबून, लाजत, म्हातारी माणसं लाजतात तशी दुसरीकडे बघत म्हणाली, "बनाडता येस ते मंग माले बी बसाड ना त्यासना जोडे."

तिला आबांशेजारी बसवायचं तर उजेड जुळावा लागतो. हा एकच धडा मला सॉफ्टवेअरनं मनापासून शिकवला. चेहरा कुठूनही आणता येतो, ऊन आणता येत नाही. सावली चुकली की सगळं चुकलं. त्यामुळे मी मायला घेऊन दोंडाईचाला गेलो. सुनंदा म्हणाली, "अहो, घरातच काढा की फोटो, पाठीमागचं काय ते जोडा." तिला काय सांगणार? मळा आता दुसऱ्या कुणाचा आहे, शेठांची पोरं सुरतेला. काटा केव्हाच गेला. फांदीवर दोराचा काचलेला वळ आहे. मळेवाल्यांनी विचारलं, "काय काम, नाना?" म्हटलं, "आईचा फोटो काढायचाय." त्यांनी बाज आणून दिली, आणि बघू लागले, कारण जळगावहून दोंडाईचाला येऊन कुणी कडुनिंबाखाली म्हातारीचा फोटो काढत नाही.

ऊन त्याच कलानं येत होतं. मायला मी बाजेवर मधोमध बसवलं आणि मागे आलो. कॅमेऱ्यातून बघतो तर ती सरकत सरकत कडेला गेलेली, पडेल की काय अशी.

"माय, मधम्हा बस ना."

"आनि त्यासले जागा नको का बसाले?"

तिनं पदर पुढे ओढून घेतला, सुरकुत्या पुसाव्यात तसा तोंडावरून हात फिरवला आणि बाजेवरची मोकळी जागा तळहातानं झाडली. मग त्या जागेकडे तोंड करून, मी तिथे आहे, मळेवाले आहेत, हे सगळं विसरून म्हणाली, "आते तरी हासा."

आणि स्वतःच हसली. उरलेले सगळे दात, डोळे मिटलेले, मान मागे. मी तिच्या पोटचा, तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कुठे ठेवलं होतं तिनं हे, आणि कुणासाठी?

बटण दाबलं गेलं. नवा कॅमेरा, त्यानं विचार केला नाही.

तिनं डोळे उघडले, पदर सारखा केला आणि आबा फोटोत आले का म्हणून मला विचारलं, "उनात का त्या?"

मी पडद्यावर पाहिलं. बाजेच्या एका टोकाला माय, आणि बाकी सगळी बाज उन्हात रिकामी.

"उनात, माय," मी म्हटलं.